ताडपत्रीखालची नाव

जवसाचं तेल प्यायलेल्या लाकडावर उन्हं चढू लागली की एक वास सुटतो. किंचित कडवट, किंचित गोडसर, चटणीसाठी जवस भाजताना स्वयंपाकघरात रेंगाळणाऱ्या वासाचा जवळचा नातलग. मागच्या वैशाखापासून माघापर्यंत जळोचीतल्या माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो वास दाटून राहिला होता. तिथं लाकडी ओंडक्यांवर सोळा फुटांची एक शिडाची नाव उभी होती, आणि आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशी मी स्वतः शिवलेली ताडपत्री तिच्यावर अंथरलेली होती. रोज संध्याकाळी मी ताडपत्रीची कड उचलून आत डोकावत असे, फळ्यांवरून हात फिरवत असे, आणि सगळं कोरडं ठणठणीत असल्याची खात्री करून समाधानानं घरात येत असे. त्या समाधानाची आज मला लाज वाटते.

कोरडेपणाचं हे वेड माझ्या रक्तातलं. बारामतीच्या पेठेत अब्बांचं ताडपत्री शिवण्याचं दुकान होतं. कांद्याच्या ढिगावर, मळणी झालेल्या गव्हावर, गुळाच्या ढेपांनी भरलेल्या ट्रकवर, जिथं जिथं पाऊस नकोसा होई तिथं तिथं आमचं कापड जाऊन पसरे. आभाळ भरून आलं की इतरांच्या घरी भजी तळली जात. आमच्या घरी शिवणयंत्रं धडधडत. पाणी आत येता कामा नये, हा आमच्या घरातला पहिला धडा, मुळाक्षरं त्यानंतरची.

अशा दुकानात एके दिवशी नामदेवतात्या आले, ते अगदी उलटी मागणी घेऊन. तात्या इंदापूर तालुक्यातले, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावरचे. ते नौदलात नोकरीला असतानाच धरणाचं पाणी त्यांच्या शेतावरून पसरलं. परतले तेव्हा जिथं ज्वारी डुलायची तिथं नजर पोचेल तिथवर पाणी. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. तात्या कोकणात गेले, खाडीकाठच्या एका कारागिराकडून सागवानाची नाव बांधून घेतली, ट्रकमध्ये घालून घाट चढवून आणली, आणि तिला शीड हवं म्हणून अब्बांपुढे येऊन उभे राहिले. अब्बांनी टेप गळ्यात अडकवत विचारलं, पाऊस अडवायचाय का ऊन? तात्या म्हणाले, “अडवायचं काय बी न्हाय, भाई. वारा धरायचाय.” अब्बांच्या उभ्या धंद्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं.

मी तेव्हा नुकतीच शाळेत भूगोल शिकवायला लागले होते. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मोकळ्या सभागृहात ते पांढरं जाड सुती कापड अंथरून आम्ही बापलेकीनं तात्यांच्या आकृतीबरहुकूम कापलं. कड सरळ रेषेत कापायची नाही, तिला हलकासा फुगीरपणा ठेवायचा, म्हणजे वाऱ्याला बसायला जागा मिळते, हे तात्यांनी जमिनीवर उकिडवं बसून, खडूनं रेषा ओढत समजावलं. नकाशावर व्यापारी वारे बाणांनी दाखवणारी मी, वारा सुईदोऱ्यानंही ओळखता येतो हे त्या दिवशी शिकले. शीड चढलं तेव्हा तात्यांनी आम्हाला पहिल्या फेरीला नेलं. अब्बा नावेची कड दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बसले, आणि उतरल्यावर पुन्हा कधी त्या वाटेला गेले नाहीत. मी मात्र दर रविवारी एसटीनं जाऊ लागले, ती पस्तीस वर्षं जात राहिले. तात्यांनी मला सुकाणू धरायला शिकवलं, दोर वेळेवर सोडायला शिकवलं, आणि वारा पडला की गप्प बसायला शिकवलं. या तिसऱ्या विद्येत मी अजून कच्ची आहे.

त्या नावेचं कौतुक करायला बसले तर मला थांबवावं लागतं. तिची प्रत्येक फळी निराळ्या वाकणाची. पुढच्या टोकाला, नाळेपाशी मिळताना साऱ्या फळ्या अशा काही समजुतीनं एकत्र येतात की त्या कारागिरानं लाकडाला वाकवलं नसून त्याचं मन वळवलं असावं असं वाटतं. चालायला ती जड. वारा आल्या आल्या धावणं तिला माहीत नाही. आधी थोडी कलते, विचार करते, मग हलते, पण एकदा हलली की मधल्या बारीकसारीक झुळकांच्या नादी लागत नाही. सुकाणूवर हात ठेवला की तळव्याला एक थरथर जाणवते आणि फळ्यांखालून पाण्याचा घोटीव, भरलेल्या घागरीसारखा आवाज येत राहतो. हिवाळ्यातल्या सकाळी धुकं वितळत असताना, दूर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ हलत असताना, तो आवाज ऐकत बसण्यासारखं सुख मला दुसरं माहीत नाही. तात्यांनी तिला नाव दिलं नाही. विचारलं की म्हणत, नावेला कशाला आणि नाव.

मागच्या उन्हाळ्यात तात्यांच्या काचबिंदूनं उचल खाल्ली. त्यांना आता नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं. आजूबाजूचं जग मिटत गेलं आहे. फुगवट्याचं पाणीही त्या वैशाखात मागं हटलं आणि नाव चिखलावर कलंडून पडली. उन्हात तिची आबाळ होईल म्हणून मी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जळोचीला आणली. घासली, रंगवली, तेल पाजलं, झाकली. त्या वर्षी पाऊस उत्तम झाला, आणि त्यातला एक थेंब मी तिच्यावर पडू दिला नाही. भाद्रपदात तात्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आले होते, तेव्हा घरी डोकावले. एकटीला चालवता येईल अशी एखादी हलकी नवी नाव कुठं मिळेल का, असं मी त्यांना बोलता बोलता विचारलं होतं. ताडपत्रीखाली हात घालून त्यांनी फळ्यांच्या सांध्यांवरून बोटं फिरवली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग चहा पिता पिता म्हणाले, “लई निगा राखलीस, शमीम.” मी फुलून गेले.

दिवाळीत फराळाला गेले तेव्हा त्यांनी विषय काढला. त्यांच्या मुलाला पाण्याची आवड नाही, तो चाकणला कारखान्यात. मग नाव कुणाची? “तू घे,” ते म्हणाले. “न्हाय म्हणालीस तरी मला राग न्हाय. हाटेलवाला मागतोय, त्याला दिऊ.” हा हॉटेलवाला महामार्गावरचा, मासळीच्या ताटासाठी नावाजलेला. दारात रंगीत दिवे लावून नाव उभी करायची, तिच्या पोटात बर्फ भरायचा आणि त्यावर काकडी-टोमॅटोच्या चकत्या मांडायच्या, असा त्याचा बेत होता. माणूस वाईट नव्हता. मला त्यानं कौतुकानं त्याचं चित्रही काढून दाखवलं. त्या चित्रातली कोशिंबीर पाहून माझी भूक दोन दिवस गेली.

तरीही मी तात्यांना तिथल्या तिथं हो म्हटलं नाही, कारण मनात एक पांढरी नाव येऊन बसली होती. जुन्या नावेला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस तात्या होते. मी साठीला टेकलेली, गुडघे कुरकुरणारे. एकटीला पाण्यावर जाता येईल अशी नाव मला हवी होती. पुण्याचे एक निवृत्त अभियंते आपली फायबरची छोटी नाव विकून मुलीकडे परदेशी जाणार होते. पौषातल्या एका रविवारी ती गाडीमागं जोडून ते काठावर घेऊन आले, आणि म्हणाले, तुम्हीच चालवून बघा.

काय सांगू त्या नावेबद्दल. दोघांनी उचलावी इतकी हलकी, गुळगुळीत, बोटाचा ठसासुद्धा न ठेवणारी. शीड पातळ आणि कडक, ओढलं की नव्या नोटेसारखं करकरणारं. पाण्यात पाऊल टाकायचा अवकाश, ती निघालीच. माझ्या मनात वळायचं यावं आणि तिनं वळलेलं असावं. जुनी नाव ज्या वाऱ्याकडे पाठ फिरवते त्याच्या तोंडावर ती हसत चालून गेली. गृहस्थांनी मला मुद्दाम ती उलटवून दाखवली. पोटाखालच्या पात्यावर पाय दिला की आपसूक सरळ होते, आणि आत शिरलेलं पाणी मागच्या भोकातून स्वतःच निघून जातं. मी भिजून चिंब, दात वाजत होते, आणि वर्गात कुणी तरी अवघड प्रश्न पहिल्या फटक्यात सोडवावा तसा निखळ आनंद मला झाला होता. ज्यांनी कुणी तिची आखणी केली असेल त्यांना मनातल्या मनात सलाम केला. जुन्याचा अभिमान धरून नव्याला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नव्हे.

तात्या काठावर बसून आपल्या नळीतून ते पांढरं शीड शोधत होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी पसंतीची मान हलवली. “घार हाय घार,” ते म्हणाले. “तुला एकटीला हीच बरी.” त्या शब्दांत कडवटपणाचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच मला ते सोसवले नाहीत.

गृहस्थांनी मला माघातल्या एका रविवारपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी हो म्हटलं नाही तर जुनी नाव न्यायला हॉटेलवाल्याचा टेम्पो येणार होता. ठरवण्याआधी जुन्या नावेतून तात्यांबरोबर एकदा फिरून यावं म्हणून त्याच आठवड्याच्या मंगळवारी मी ती ट्रॉलीतून काठावर नेली. डोलकाठीची खाच सैल झाली होती, ती बघायला निमगाव केतकीचे भिकोबा सुतार आले होते. हे भिकोबा ऐंशीच्या घरातले, एके काळी साऱ्या पंचक्रोशीला बैलगाड्या करून देणारे. नाव नव्या नवरीसारखी चमकत होती. मी मुद्दाम ताडपत्री काठावर सगळ्यांसमोर उघडली. कौतुक ऐकायला कान टवकारलेले होते.

आम्ही तिला पाण्यात ढकललं आणि पाणी आत आलं. एखाद्या ठिकाणाहून येतं तर बोळा कोंबला असता. ते प्रत्येक सांध्यातून, सगळीकडून, चाळणीतून यावं तसं आलं. नऊ महिने माझ्या हातांनी चकचकीत केलेल्या फळ्यांमधून बारीक बारीक धारा उसळत होत्या आणि बघता बघता पाणी घोट्यापर्यंत चढलं. मी ओंजळीनं उपसायला लागले, हे आठवलं की आता हसू येतं. इतकी निगा राखून मी तिला मारलं होतं, कसं ते मला कळत नव्हतं. आम्ही तिला ओढून काठाला टेकवलं. तात्या चाचपडत पुढे आले, त्यांनी तिच्या कडेवर हात ठेवला. मी कमरेपर्यंत भिजलेली, पदर पिळत म्हणाले, “शनिवारी नेऊ दे त्यांना, तात्या. मी पुण्याची घेते.” बोलताना मला दुःख झालं, आणि त्या दुःखाच्या तळाशी चोरट्या पावलांनी सुटकाही आली होती. निर्णय माझा राहिला नव्हता, नावेनंच दिला होता. तात्या एवढंच म्हणाले, “बरं.”

भिकोबा मात्र बिडी विझवून उठले. त्यांनी एका सांध्यात नख घातलं, दुसऱ्यात घातलं, आणि मिशीतल्या मिशीत हसले. “बाई, उन्हाळ्यात गाडीचं चाक खुळखुळाया लागलं, वरची लोखंडी धाव निसटाया लागली, तर आमी काय करायचो?” मला काय ठाऊक असणार. “डोहात टाकायचो. आठ दिस पाण्यात राहिलं की लाकूड फुगतंय, धाव गच्च. तुमी हिला तेल पाजून पाजून हिची तहान मारली. बुडवा हिला.”

किती दिवस, मी विचारलं. धा-बारा, ते म्हणाले. नक्की जमेल? “लाकडाचं कुणी सांगावं. न्हाय जमलं तर चुलीला हायच की.” दहा दिवस म्हणजे रविवार उलटून जाणार होता. जुनी जगते की नाही हे कळण्याआधीच नवीला हो किंवा नाही म्हणावं लागणार होतं.

मला एकाएकी भाद्रपद आठवला. सांध्यांवरून फिरणारी ती बोटं आणि ते लांबलेलं मौन. जो माणूस पस्तीस वर्षं ही नाव पाण्याबाहेर काढताना कुरकुर करायचा, उन्हाळ्यातसुद्धा तिच्यात चार घागरी ओतून ठेवायचा, त्याला हे माहीत नसेल? मी पाहत असे त्या घागरी; मला वाटे, धूळ बसू नये म्हणून ओततात. मी तात्यांकडे वळले. “तुम्हाला ठाऊक होतं.”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी पाण्याकडे तोंड केलं. “तुला नवी पायजे हुती. ही गळकी निघाली तर सोडताना तुला जड गेलं नसतं. मी सांगितलं असतं तर तुज्या गळ्यात बांधल्यागत झालं असतं.” मग म्हणाले, “भिकोबाला कुणी बोलवलं हितं?” भिकोबा खो खो हसले. मला हसता आलं नाही. ज्या नावेत आपला सारा जीव आहे ती माझ्या हातून वाळत असताना हा माणूस चहा पिऊन, माझं कौतुक करून निघून गेला होता, केवळ मला मोकळं राहता यावं म्हणून. माया मी खूप पाहिली आहे, अब्बांची तर अतोनात. पण ती सगळी झाकणारी माया होती. ही निराळी होती, आणि तिच्यापुढे मी फार लहान झाले.

दुपारभर आम्ही दगड वाहिले. डोलकाठी उतरवली, नाव कमरेएवढ्या पाण्यात नेली, आणि तिच्या पोटात एकेक दगड ठेवत गेलो. वादळाच्या पट्ट्यात जहाजं कशी बुडतात हे शाळेच्या मुलांना तीसहून अधिक वर्षं शिकवलेली मी, स्वतःच्या हातांनी एक धडधाकट दिसणारी नाव बुडवत होते. कडा पाण्याखाली गेल्या तेव्हा मी डोळे मिटले, अगदी अब्बांसारखे. ताडपत्री भिकोबांना दिली, कडब्याच्या गंजीवर घालायला. तिथं तिची खरीच गरज होती.

हॉटेलवाल्याला तात्यांनीच निरोप धाडला, शनिवारी येऊ नका म्हणून. रविवारी सकाळी मी काठावर उभी राहून पुण्याला फोन केला आणि नाही म्हटलं. गृहस्थ मनापासून म्हणाले, लाकडाची गोष्टच वेगळी. मला ते खोडून काढावंसं वाटलं. तुमच्या नावेची गोष्टही वेगळीच आहे, तिच्यावर मी अन्याय करते आहे, असं सांगावंसं वाटलं. समोर पाण्याखाली, चार हातांवर, दगडांनी भरलेला एक धूसर आकार होता, आणि चिलापी माशांची पिल्लं त्याच्या फळ्यांशी तोंड लावून ये-जा करत होती. त्या आकाराची पुन्हा कधी नाव होईल याची मला खात्री नव्हती. पांढरी नाव आता कुठल्या पाण्यावर असेल, तिच्या सुकाणूवर कुणाचा हात असेल, याचा विचार अजूनही मनात येतो, आणि दर वेळी थोडी कळ येते.

अकराव्या दिवशी आम्ही दगड काढले, घमेल्यानं पाणी उपसलं, आणि काठावर बसून वाट पाहिली. भिकोबांनी दोन बिड्या ओढल्या. फळ्यांचा चकचकीतपणा गेला होता, रंगाला शेवाळी झाक आली होती, जवसाचा वास पार नाहीसा होऊन तिथं गाळाचा, पाणवनस्पतींचा, जुन्या विहिरीसारखा गारवा भरला होता. तळाशी पाणी वाढत नव्हतं. दुपारचा वारा उठला तशी डोलकाठी उभी केली, शीड चढवलं. अब्बांच्या हातचं नव्हे, ते केव्हाच विरलं, पण त्याच मापानं मी बेतलेलं.

तात्या सुकाणूशी बसले. त्यांना दिसत होतं ते जेमतेम नाळेपुरतं, पण वारा कानाच्या पाळीवर घेत त्यांनी तिला आधी थोडं कलू दिलं, विचार करू दिला, आणि मग ती हलली. घागरीचा तो आवाज परत आला तेव्हा मला रडू आवरलं नाही. तात्यांना ते दिसलं नसावं, किंवा दिसलंही असेल. समोरचं तेवढं त्यांना दिसतंच.

काठ बराच मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, “पानी किती हाय?”

मी त्यांचा हात धरून खाली, तळाच्या फळीवर टेकवला. त्यांनी सावकाश एका सांध्यावरून बोटं फिरवली, मग शेजारच्या, भाद्रपदातल्यासारखीच.

“ओल हाय,” ते म्हणाले. हात तिथंच राहिला. “तेवढी असू दे.”

आणि त्यांनी सुकाणू माझ्याकडे सरकवलं.